ड्राइव्ह-अक्षर

संगणकाला जोडलेल्या साठवण-साधनाचा किंवा त्याच्या एखाद्या भागाचा निर्देश करण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिमने दिलेले रोमन अक्षर. अक्षरानंतर अपूर्णविराम लिहितात. सीपी/एम, एमएस-डॉस, ओएस/२ व विंडोज या प्रणालींत ही पद्धत रूढ आहे. अक्षरावरून साधनाची प्रणालीतील जागा कळते. साधन नेमके कोणते, हे कळत नाही. डिस्क बदलली तरी अक्षर तेच राहू शकते आणि डिस्क तीच असताना अक्षर बदलू शकते. या पद्धतीच्या बहुतेक मर्यादांचे मूळ येथे आहे.

उगम : १९६०च्या दशकात आयबीएमच्या केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथील केंद्रात तयार झालेल्या सीपी/सीएमएस प्रणालीत वापरकर्त्याच्या वाट्याला येणाऱ्या लघुडिस्कांना अक्षरे दिली जात. गॅरी किल्डॉल यांनी १९७४मध्ये लिहिलेल्या सीपी/एममध्ये ही कल्पना तेथून आली, असे सामान्यतः मानले जाते. सीपी/एमच्या दुसऱ्या आवृत्तीपासून ‘ए’ ते ‘पी’ असे १६ ड्राइव्ह वापरता येत. फाइल उघडताना द्यावयाच्या नियंत्रण-खंडातील पहिला बाइट ड्राइव्हसाठी राखीव होता : ० म्हणजे चालू ड्राइव्ह, १ म्हणजे ‘ए’, २ म्हणजे ‘बी’.

टिम पॅटरसन यांनी सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या कंपनीत १९८०मध्ये लिहिलेल्या ८६-डॉसने हीच रचना घेतली. १९८१मध्ये मायक्रोसॉफ्टने ती प्रणाली विकत घेतली व त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या आयबीएम पीसीवर ती पीसी-डॉस या नावाने आली. ८६-डॉस सीपी/एमवर किती अवलंबून होते याबद्दल मतभेद आहेत. मूळ पीसीत ‘ए’ व ‘बी’ हे फ्लॉपीचे ड्राइव्ह होते. मार्च १९८३मध्ये आलेल्या पीसी एक्सटीत १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. तिला पुढचे मोकळे अक्षर ‘सी’ मिळाले. ज्या यंत्रात एकच फ्लॉपी ड्राइव्ह असे तेथेही डॉस ‘बी’ अस्तित्वात असल्याचे मानी व ‘बी’ची फ्लॉपी घालून कळ दाबा, अशी सूचना देई. म्हणजे एकाच यंत्रभागाला दोन अक्षरे होती.

बायॉसचे क्रमांक : अक्षराच्या खालच्या थरावर बायॉसचा (संगणक सुरू करणाऱ्या अंगभूत प्रोग्रॅमचा) १३ (षोडशमान) क्रमांकाचा इंटरप्ट, म्हणजे डिस्ककडून काम करून घेण्याची हाक, होता. त्यात डिस्कची ओळख म्हणजे एका बाइटचा क्रमांक : पहिली फ्लॉपी ००, दुसरी ०१, पहिली हार्ड डिस्क ८०, दुसरी ८१ (षोडशमान). हे क्रमांक बायॉसला डिस्क ज्या क्रमाने सापडतील त्या क्रमाने पडत. बायॉसच्या मांडणीत बूटचा क्रम बदलला की ८० क्रमांक वेगळ्याच डिस्कला जाई. उत्पादक, नमुना किंवा अनुक्रमांक विचारण्याची सोय मूळ इंटरप्टात नव्हती.

डिस्कवरील जागा सांगण्याची रीतही तोकडी होती. इंटरप्टमध्ये सिलिंडरसाठी १०, हेडसाठी ८ व सेक्टरसाठी ६ बिट होते. एटीए या जोडणीच्या डिस्कमध्ये तेच अनुक्रमे १६, ४ व ८ बिट होते. दोन्हींतील लहान आकडे एकत्र आले, की १,०२४ सिलिंडर, १६ हेड व ६३ सेक्टर उरत. ५१२ बाइटच्या सेक्टरने गुणल्यास ही मर्यादा ५२,८४,८२,३०४ बाइट येते. बाजारात ती ‘५०४ मेगाबाइटची मर्यादा’ म्हणून ओळखली गेली. हेडांची संख्या बायॉसमध्ये रूपांतरित करून दाखवण्याच्या युक्तीने ही मर्यादा सुमारे ८.४ गिगाबाइटपर्यंत गेली. मात्र त्यामुळे बायॉस सांगत असलेली डिस्क आणि प्रत्यक्ष डिस्क यांचे आकडे जुळेनासे झाले. त्यानंतरच्या विस्तारित इंटरप्टने ६४ बिटांचे सलग सेक्टर-क्रमांक आणले.

डॉसमधील अक्षरवाटप : डॉस सुरू होताना अक्षरे दर वेळी नव्याने वाटली जात, कोणत्या डिस्कला आधी कोणते अक्षर होते याची नोंद कोठेही ठेवली जात नसे. नंतरच्या आवृत्त्यांतील क्रम साधारणपणे असा होता : (१) ‘ए’ व ‘बी’ फ्लॉपीसाठी राखीव, (२) ‘सी’पासून पुढे प्रत्येक हार्ड डिस्कवरील एकेक प्राथमिक पार्टिशन (डिस्कचा पाडलेला भाग), (३) मग पहिल्या डिस्कपासून क्रमाने विस्तारित पार्टिशनमधील तार्किक ड्राइव्ह, (४) उरलेली प्राथमिक पार्टिशने, (५) शेवटी कॉन्फिग.सिस या फाइलमधून चढणाऱ्या चालकांचे ड्राइव्ह, उदा., रॅमडिस्क, आणि त्यानंतर एमएससीडीएक्स या प्रोग्रॅमने जोडलेला सीडी-रॉम.

या क्रमाचा परिणाम असा की एका डिस्कवर ‘सी’ (प्राथमिक) व ‘डी’ (तार्किक) असताना प्राथमिक पार्टिशन असलेली दुसरी डिस्क बसवली, तर नवी डिस्क ‘डी’ होई व जुना ‘डी’ सरकून ‘ई’ होई. ‘डी’चा पत्ता धरून बसवलेले प्रोग्रॅम, बॅच फायली व शॉर्टकट चुकीच्या डिस्ककडे बोट दाखवू लागत. सीडी-रॉमचे अक्षरही एकेक घर पुढे जाई आणि मूळ सीडी मागणारे प्रोग्रॅम अडत. यावर रूढ झालेला उपाय म्हणजे दुसऱ्या डिस्कवर प्राथमिक पार्टिशन न करता फक्त तार्किक ड्राइव्ह ठेवणे. सीडी-रॉमला मुद्दाम दूरचे अक्षर देण्याचीही प्रथा होती.

अक्षरांचा तुटवडा फाइल-प्रणालीमुळे वाढला. डॉस ३.३ (१९८७) मध्ये एका पार्टिशनची कमाल मर्यादा ३२ मेगाबाइट होती. मोठी डिस्क वापरायची तर तिचे तुकडे करून प्रत्येकाला वेगळे अक्षर द्यावे लागे. डॉस ४ने (१९८८) ती मर्यादा उठवली, तरी फॅट१६ची २ गिगाबाइटची मर्यादा उरली व १९९६मध्ये विंडोज ९५च्या सुधारित आवृत्तीत फॅट३२ येईपर्यंत टिकली. डॉस एरवी ‘ई’पर्यंतच जागा राखी, त्यापुढे जायचे तर लास्टड्राइव्ह ही आज्ञा द्यावी लागे. नोव्हेल नेटवेअरचा पहिला नेटवर्क ड्राइव्ह ‘एफ’ असण्याची प्रथा यातून आली. सबस्ट आज्ञेने एखाद्या फोल्डरलाही अक्षर देता येई. त्यामुळे अक्षरामागे स्वतंत्र साधन आहेच, असे धरता येत नसे.

भारतात सुटे भाग जोडून संगणक देणारे विक्रेते एकाच डिस्कचे ‘सी’, ‘डी’, ‘ई’ असे भाग पाडून देत. विंडोज पुन्हा टाकताना ‘सी’ पुसला तरी ‘डी’तील फायली शाबूत राहत, हा त्याचा फायदा. मात्र ‘डी’ म्हणजे वेगळी डिस्क असा समज त्यामुळे दृढ झाला. डिस्कच बिघडली की मूळ फायली व ‘डी’त ठेवलेली त्यांची प्रत एकदमच जाई.

व्हॉल्यूम-क्रमांक : डॉस ४पासून फॉरमॅट करताना प्रत्येक व्हॉल्यूमला (फॉरमॅट केलेल्या भागाला) ३२ बिटांचा क्रमांक दिला जाऊ लागला. डीआयआर आज्ञेच्या सुरुवातीला तो चार-चार षोडशमान अंकांच्या जोडीने दिसतो. डॉसमध्ये तो फॉरमॅटच्या तारीख-वेळेवरून तयार होई. फ्लॉपी बदलली का, हे ओळखण्यास तो उपयोगी पडे. परवाना एकाच यंत्राला बांधण्यासाठी अनेक सॉफ्टवेअरांनी हाच क्रमांक वापरला. हा क्रमांक डिस्कच्या पृष्ठावर लिहिलेला असतो, यंत्रभागात कोरलेला नसतो. पुन्हा फॉरमॅट केल्यास तो बदलतो, डिस्कची हुबेहूब प्रत काढल्यास प्रतीतही तोच उतरतो आणि छोट्या साधनाने तो हवा तसा लिहिता येतो. विंडोजमधील गेटव्हॉल्यूमइन्फर्मेशन हे फंक्शन हाच क्रमांक देते. उत्पादकाने दिलेला अनुक्रमांक त्यातून मिळत नाही.

विंडोज एनटी व नंतर : १९९३च्या विंडोज एनटीत अक्षर हे खऱ्या साधन-नावाकडे नेणारे केवळ एक टोपणनाव झाले. एनटीने प्रत्येक डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये चार बाइटची स्वाक्षरी लिहिण्यास सुरुवात केली. विंडोज २०००मध्ये अक्षरांची नोंद रजिस्ट्रीतील माउंटेडडिव्हाइसेस या ठिकाणी राहू लागली. स्वाक्षरी व पार्टिशनची सुरुवात यांच्या आधारे डिस्क ओळखली जाऊन तिला पूर्वीचेच अक्षर मिळू लागले. व्हॉल्यूमला १२८ बिटांचे स्वतंत्र नाव मिळाले आणि अक्षराशिवाय एखाद्या फोल्डरवर व्हॉल्यूम जोडण्याची सोय झाली.

तरीही उणिवा उरल्या. क्लोन केलेल्या डिस्कची स्वाक्षरी मूळ डिस्कसारखीच असल्याने दोन्ही एकत्र जोडल्यास विंडोजच्या नव्या आवृत्त्या त्यांतील एक ऑफलाइन ठेवतात. फिजिकलड्राइव्ह० यांसारखी डिस्कची नावे शोधाच्या क्रमानेच पडतात व पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात. विंडोज एक्सपीत नेटवर्क ड्राइव्हचे अक्षर त्या वापरकर्त्याच्या सत्रापुरते असे. पेन ड्राइव्ह जोडल्यावर प्रणालीला तेच अक्षर मोकळे दिसे, ते त्यालाच दिले जाई आणि पेन ड्राइव्ह दिसतच नसे. जोडलेल्या ड्राइव्हांची यादी देणारे जुने फंक्शन ३२ बिटांच्या संख्येतील २६ बिट, प्रत्येक अक्षरासाठी एक, वापरते; त्यामुळे २६हून अधिक ड्राइव्ह त्यात मावत नाहीत.

उत्पादकाचा अनुक्रमांक : एटीए डिस्कला ‘आयडेंटिफाय डिव्हाइस’ ही आज्ञा दिली असता ती ५१२ बाइटची माहिती परत देते. तीत २० अक्षरांचा अनुक्रमांक व ४० अक्षरांचे नमुना-नाव असते. प्रत्येक शब्दातील दोन बाइट उलट क्रमाने येतात. विंडोजच्या काही आवृत्त्यांत ते सरळ न करताच दाखवले जात असल्याने एकाच डिस्कचा अनुक्रमांक दोन ठिकाणी वेगळा दिसू शकतो. स्कझी साधनांत हीच माहिती चौकशी-आज्ञेच्या ८० व ८३ (षोडशमान) पृष्ठांवर असते. डिस्कला थेट आज्ञा देण्यासाठी बहुधा प्रशासकाचे अधिकार लागतात. अनेक डिस्का एकत्र बांधणाऱ्या रेड नियंत्रकामागच्या डिस्का प्रणालीला सुट्या दिसत नाहीत. यूएसबी पेटीतील डिस्कबाबत अनेकदा डिस्कऐवजी पेटीतील चिपचाच क्रमांक हाती लागतो.

यूएसबी साठवण-साधनांच्या मूळ प्रमाणकात किमान १२ षोडशमान अंकांचा अनुक्रमांक अपेक्षित आहे. स्वस्त साधनांत तो नसतो किंवा अनेकांत सारखाच असतो. अनुक्रमांक नसल्यास विंडोज स्वतः एक ओळख तयार करते व तिच्या दुसऱ्या स्थानी ‘&’ हे चिन्ह येते. अशी ओळख दुसऱ्या संगणकावर जुळत नाही.

अन्य प्रणाली : अमिगामध्ये साधनाचे नाव व डिस्कचे नाव दोन्ही चालत. लिनक्समध्ये एचडीए, एसडीए ही नावे आरंभी जागा किंवा शोधाचा क्रम दाखवीत; यूडेव्हनंतर अनुक्रमांक व यूयूआयडीवर आधारित नावे त्यांच्या जोडीला आली.

न्यायवैद्यक महत्त्व : संगणकाला पूर्वी कोणती साधने जोडली होती हे पाहताना तपासनीस माउंटेडडिव्हाइसेस व यूएसबीच्या रजिस्ट्री-नोंदी एकत्र वाचतात, अक्षर फक्त दुवा म्हणून उपयोगी पडते. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३खालील प्रमाणपत्राच्या नमुन्यात साधनाचा मेक, मॉडेल व अनुक्रमांक, तसेच अभिलेखाचे हॅश-मूल्य यांसाठी जागा आहे. जप्तीच्या नोंदीत केवळ ‘डी ड्राइव्ह’ असे लिहिल्यास साधनाची ओळख पटत नाही.

सद्यःस्थिती : जीपीटी या पार्टिशनांच्या नोंदीच्या पद्धतीत डिस्क व पार्टिशन या दोन्हींना १२८ बिटांची ओळख असते, हुबेहूब प्रतीत तीही जशीच्या तशी उतरते. फ्लॉपी वापरातून गेली असली तरी विंडोज आजही आपली मुख्य डिस्क ‘सी’ म्हणूनच दाखवते.