गिटारच्या ध्वनिवर्धकातील रोहित्रांची बैठक

निर्वात नलिकांवर चालणाऱ्या गिटार-ध्वनिवर्धकाचा इतिहास बहुधा नलिका व स्वर यांच्या अंगाने लिहिला जातो. परंतु या यंत्रातील सर्वांत जड भाग म्हणजे रोहित्रे. त्यांची बैठक कशी असावी हा प्रश्न घरी ध्वनिवर्धक बांधणाऱ्या प्रत्येकापुढे उभा राहतो. भार, गुणगुण आणि विजेचा धक्का या त्याच्या तीन बाजू होत. त्यांपैकी जी कानाला ऐकू येते तिची दखल आधी घेतली गेली. जी ऐकू येत नाही तिची सर्वांत शेवटी.

अमेरिकेतील फेंडर कंपनीच्या ‘बेसमन’ ध्वनिवर्धकात चॅसी पेटीच्या माथ्याशी उलटी टांगलेली असे. नलिका व रोहित्रे खाली लोंबत. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांच्या दुकानात केन ब्रॅन व डडली क्रेव्हन यांनी 1962 च्या सुमारास या यंत्राच्या 1958 ते 1960 मधील आवृत्तीवरून आपला ध्वनिवर्धक बांधला. मंडल जवळजवळ तेच राहिले, बैठक मात्र बदलली. कर्णे वेगळ्या पेटीत गेले, चॅसी आपल्या पेटीच्या तळाशी आली आणि रोहित्रे तिच्यावर उभी राहिली. आरंभीची चॅसी अ‍ॅल्युमिनियमची होती. हा पत्रा कापण्यास व भोके पाडण्यास सोपा; घरगुती कारागिरांची त्यावर आजही मर्जी आहे. पण प्रवासातील धक्क्यांनी रोहित्रांच्या भाराखाली तो वाकतो. त्या दशकाच्या उत्तरार्धात पोलाद आले. पोलाद भार सहज पेलते. मात्र चुंबकीय प्रवाहही वाहून नेते.

म्हणून रोहित्रांची दिशा महत्त्वाची ठरते. वीजपुरवठ्याच्या रोहित्राभोवतीचे विखुरलेले क्षेत्र निर्गम-रोहित्रात गुणगुण उत्पन्न करते. दोहोंचे गाभे काटकोनात ठेवल्यास ती पुष्कळ घटते. यासाठी कारागिरांनी एक साधी रीत रूढ केली. निर्गम-रोहित्राच्या दुय्यम वेटोळ्यास कर्णश्रवणी जोडावी, उघडी टोके नीट झाकून पहिल्या रोहित्रास वीज द्यावी, आणि दुसरे रोहित्र फिरवीत आवाज किमान होईल तेथे खूण करून वीज तोडल्यावरच भोके पाडावीत. कानावर विसंबणारी ही रीत कोणास अशास्त्रीय वाटेल. पण तिने पत्रे वाचविले आहेत.

धक्क्याची कथा निराळी. ‘बेसमन’सारख्या यंत्रात चॅसीखाली 400 व्होल्टांहून अधिक दाब खेळतो, आणि वीज बंद केल्यावरही कॅपॅसिटर तो काही काळ धरून ठेवतात. शिवाय त्या काळच्या अनेक अमेरिकी यंत्रांस दोनच तारांची दोरी असे व एक कॅपॅसिटर वीजतारेतून थेट चॅसीला जोडलेला असे. तो निकामी होऊन आरपार जोडला गेला की चॅसी जिवंत होई. गिटारच्या तारा जोडदोरीतून चॅसीशीच जोडलेल्या असल्याने वादकाचा हात व मायक्रोफोन यांमध्ये मंडल पुरे होई. मे 1972 मध्ये वेल्समधील स्वॉन्सी येथे ‘स्टोन द क्रोज’ या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस्ली हार्वी मंचावर विजेच्या धक्क्याने मृत्यू पावला. तेथे दोष रोहित्राचा नव्हता. मायक्रोफोनला भूसंपर्क नव्हता. तथापि धोक्याची जात तीच.

जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीत आता तो कॅपॅसिटर काढून तीन तारांची दोरी बसविली जाते. चॅसीतून वाट काढणाऱ्या तारांभोवती रबरी कडी घालतात, रोहित्राचे बोल्ट दातेरी वायसरने आवळतात. भूसंपर्काची तार मात्र या बोल्टांखाली घालीत नाहीत. पत्र्यावरील रंग खरवडून ती स्वतंत्र बोल्टाखाली घट्ट केली जाते. कारण रोहित्र बदलण्यासाठी बोल्ट सोडला, किंवा कंपनांनी तो ढिला झाला, की त्याखालची तारही जमिनीपासून तुटते आणि यंत्र पूर्ववत वाजतच राहते.