कुत्र्याने मोजा, बटण सेल किंवा आंब्याची कोय गिळली तर? पहिल्या दोन तासांत काय करायचं आणि काय अजिबात नाही

सोफ्याखाली पडलेला मोजा, रिमोटमधला सेल, सुई-दोरा, लहान मुलांचं खेळणं, कचऱ्याच्या डब्यातलं मक्याचं कणीस. घरात कुत्रा असेल तर यातली कुठलीही वस्तू त्याच्या पोटात जाऊ शकते. विशेषतः पिल्लं आणि एक-दोन वर्षांचे कुत्रे दिसेल ते तोंडात घालतात.

अशा वेळी घरात दोन टोकाच्या प्रतिक्रिया असतात. काहीजण म्हणतात, 'निघून जाईल शी वाटे.' काहीजण लगेच मिठाचं पाणी पाजायला धावतात. हे दोन्ही कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. मग नेमकं काय करायचं? समजून घेऊया.

दोन तासांना एवढं महत्त्व का?

गिळलेली वस्तू आधी अन्ननलिकेतून जठरात जाते आणि तिथून लहान आतड्यात सरकते. वस्तू जठरात असेपर्यंत डॉक्टरांकडे पर्याय जास्त असतात. इंजेक्शन देऊन उलटी करवता येते किंवा एंडोस्कोपीने, म्हणजे तोंडावाटे कॅमेऱ्याची नळी घालून, वस्तू बाहेर काढता येते. हा वेळ साधारण दोन तासांचा धरतात. काही वस्तू जठरात जास्त काळ राहतातही, त्यामुळे उशीर झाला म्हणून दवाखान्यात जाणं टाळू नका.

वस्तू आतड्यात जाऊन अडकली की बहुतेक वेळा पोट उघडण्याशिवाय मार्ग राहत नाही. अडकलेल्या जागी आतड्याचा रक्तपुरवठा थांबतो, आतडं सडू लागतं आणि फाटलं तर पोटभर संसर्ग पसरतो.

कोणती वस्तू किती धोकादायक?

बटण सेल : सगळ्यात तातडीची वस्तू. सेल अन्ननलिकेत अडकला तर तिथल्या ओलाव्यामुळे विद्युतप्रवाह सुरू होतो आणि १५ ते ३० मिनिटांत आतला भाग भाजायला लागतो. इथे उलटी करवायची नाही, थेट दवाखाना गाठायचा.

दोरा, मांजा, सुई-दोरा : नाशिक जिल्ह्यात संक्रांतीला, खासकरून येवल्यात, पतंगांचा मोठा उत्सव असतो. नायलॉन मांजावर बंदी आहे, तरी सणानंतर तुकडे गच्ची-अंगणात पडलेले असतात. दोऱ्याचं एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकतं आणि बाकीचा दोरा आतड्यात जातो. आतडं त्याला पुढे ढकलायला बघतं, स्वतःच चुण्या पडून गोळा होतं आणि दोरा करवतीसारखा आतडं कापतो. म्हणून तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका.

आंब्याची कोय, मक्याचं कणीस : जठरात पचत नाहीत आणि लहान आतड्यात बुचासारखे बसतात. काही वेळा कणीस अनेक दिवस जठरात पडून राहतं आणि नंतर त्रास सुरू होतो.

मोजे, फडकी, सॅनिटरी पॅड, डायपर : कापड आतड्यात अडकतं. पॅड आणि डायपर तर पाणी शोषून फुगतात.

शिजवलेली हाडं : मऊ वाटली तरी तुकडे टोकदार असतात. अन्ननलिकेत अडकणाऱ्या वस्तूंमध्ये हाडं नेहमीची.

नाणी : भारतात सध्या चलनात असलेली १ आणि २ रुपयांची नाणी प्रामुख्याने स्टेनलेस स्टीलची आहेत. ती विषारी नसली तरी अडकू शकतात. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी मात्र लक्षात ठेवावं, १९८२ नंतरच्या एक सेंटच्या नाण्यात मुख्यतः जस्त असतं. पोटातल्या आम्लात ते विरघळतं आणि कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फुटू लागतात.

नाशिककरांसाठी वेगळा इशारा : द्राक्षं आणि बेदाणे

हंगामात नाशिकच्या घराघरांत द्राक्षांची पेटी असते. पण द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांची किडनी निकामी करू शकतात. किती खाल्ल्यावर धोका, याचं पक्कं प्रमाण नाही. एखादा कुत्रा मूठभर खाऊनही ठीक राहतो, दुसरा थोड्याशानेच गंभीर होतो. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय विषतज्ज्ञांनी यामागे द्राक्षातलं टार्टारिक आम्ल असावं, अशी मांडणी केली. उलट्या काही तासांत सुरू होतात, किडनीचा त्रास दिसायला मात्र एक ते तीन दिवस लागतात. त्यामुळे लक्षणांची वाट न पाहता खाल्ल्याबरोबर डॉक्टरांना फोन करा.

लक्षणं कोणती?

- वारंवार उलट्या, पाणीही न टिकणं
- ओकारी येतेय पण काही पडत नाही, लाळ गळणं
- खाणं बंद, सुस्ती
- पोटाला हात लावू न देणं, पुढचे पाय टेकून मागचा भाग वर ठेवून उभं राहणं
- शी न होणं किंवा शीतून रक्त
- हिरड्या पांढरट पडणं

शेवटचं लक्षण दिसलं तर एक मिनिटही घालवू नका.

घरी काय करायचं?

१. तोंडात उरलेलं काढून घ्या. कुत्रा चावणार नाही याची खात्री असेल तरच.
२. काय गिळलं, किती आणि कधी, हे लिहून ठेवा. वस्तूचा उरलेला तुकडा किंवा पाकीट सोबत घ्या.
३. कुत्र्याचं वजन सांगून डॉक्टरांना फोन करा.
४. खायला-प्यायला देऊ नका. भूल द्यावी लागली तर रिकामं पोट सुरक्षित असतं.
५. वस्तू घशात अडकून श्वास बंद झाला असेल तर लहान कुत्र्याला मागून उचलून डोकं खाली करा. मोठ्या कुत्र्याच्या मागे उभं राहून बरगड्यांखाली मूठ ठेवा आणि वर-पुढच्या दिशेने झटके द्या. वस्तू निघाली तरी दवाखान्यात न्या. कुत्रा खोकत असेल तर हवा जातेय, तेव्हा झटके देऊ नका.

काय करायचं नाही?

मिठाचं पाणी पाजू नका. रक्तातलं सोडियम वाढून झटके येऊ शकतात. तेल किंवा दूध पाजून वस्तू 'घसरून' जात नाही. घशात बोट घालू नका. टोकदार वस्तू, सेल, ॲसिड, फिनाईल, रॉकेल पोटात गेलं असेल तर उलटी करवणं जास्त धोक्याचं, कारण तीच वस्तू परत येताना अन्ननलिका फाडते किंवा भाजते.

दवाखान्यात काय होतं?

आधी एक्स-रे. धातू, दगड आणि बहुतेक हाडं त्यात दिसतात. कापड, पातळ प्लॅस्टिक किंवा लाकूड अनेकदा दिसत नाही, म्हणून सोनोग्राफी करतात. 'एक्स-रेत काही नाही' याचा अर्थ पोटात काही नाही, असा होत नाही. ऑपरेशन झालं तर पुढचे तीन ते पाच दिवस नाजूक असतात, कारण आतड्याचे टाके सुटण्याचा धोका याच काळात जास्त. या दिवसांत पुन्हा उलटी, ताप किंवा सुस्ती दिसली तर लगेच परत जा.

नाशिकमध्ये कुठे जायचं?

शहरात खासगी दवाखाने बरेच आहेत आणि अशोक स्तंभ परिसरात सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालयही आहे. अडचण येते ती रात्री. १९६२ ही राज्याची टोल फ्री पशुवैद्यकीय सेवा मुख्यतः गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांसाठी आहे, त्यामुळे फक्त तिच्यावर विसंबू नका. मुंबईत महालक्ष्मीला २०२४ मध्ये सुरू झालेलं टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं रुग्णालय आणि परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. पण नाशिकहून तिथे पोहोचायला तीन-चार तास लागतात. आधी जवळच्या डॉक्टरकडे कुत्र्याची प्रकृती स्थिर करा, मग गरज असेल तर पुढे हलवा.

म्हणून आजच तुमच्या डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. रात्री फोन घेता का? एक्स-रे रात्री होतो का? तुम्ही नसाल तर कुणाकडे जायचं? उत्तरं फोनमध्ये सेव्ह करा आणि घरातल्या सगळ्यांना पाठवा. कुत्रा वस्तू गिळेल तेव्हा घरी कोण असेल, हे आधी सांगता येत नाही.