कुस्तीच्या परिभाषेतील दोन थर

करमाळा हे निजामाच्या पदरी असलेल्या निंबाळकर घराण्याच्या जहागिरीचे ठाणे होते. फारसी दरबारभाषा व मराठी बोली यांचा सहवास अशा ठाण्यांतून दीर्घकाळ घडला. त्याचा पुरावा जसा दप्तरांत, तसाच कुस्तीच्या परिभाषेतही आढळतो.

'तालीम' हा शब्द मूळ अरबी असून त्याचा अर्थ शिक्षण असा आहे. मराठीत तो शिक्षणाच्या जागेचा वाचक झाला. 'वस्ताद', 'पैलवान' व 'पेच' हे फारसीतून आले. 'आखाडा' मात्र संस्कृत 'अक्षवाट' या शब्दाचा वंशज होय. कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात मल्लविनोदाचे स्वतंत्र वर्णन आहे. यावरून विद्या जुनीच होती, तिच्या व्यवस्थेची भाषा तेवढी पालटली, असे दिसते.

डावांची नावे पाहू जाता निराळा थर लागतो. 'मोळी' सरपणाची आठवण देते. 'धोबीपछाड' हिंदीतून आला असला तरी त्यातील दृश्य कोणत्याही नदीघाटावरचे आहे. येथे नामकरण दरबाराने नव्हे, श्रमाने केले.

शिवकालीन 'राजव्यवहारकोशा'ने राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचविले. तांबड्या मातीत 'वस्ताद' टिकून राहिला. पाठ भुईला लागली की डोळ्यांपुढे आकाशच उरते, म्हणून हरविणे म्हणजे 'अस्मान दाखविणे'. यातील नाम फारसी, क्रियापद मराठी. केवळ व्युत्पत्ती पाहून शब्दांना परके ठरविणाऱ्यांनी या प्रयोगातून 'अस्मान' काढून पाहावे. आकाश उरेल, पराभव उरणार नाही.