गृहपाठ तपासतं कोण?

बीड जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या आसपास गाव सोडतात आणि उन्हाळा लागता लागता परततात. आई-बापासोबत गेलेल्या कॉलेजच्या पोराचं अख्खं सत्र फडावर जातं. हजेरीवर चालणाऱ्या विद्यापीठात त्याला जागा नाही. ऑनलाइन अभ्यासक्रम अशांसाठीच आहेत, असं हल्ली सांगतात. पण दूर बसून शिकण्याची वंशावळ इंटरनेटच्या फार मागे जाते आणि तिला दोन शाखा आहेत.

१८४० साली इंग्लंडात एका पेनीत पत्र जाऊ लागलं. आयझॅक पिटमननं लगेच लघुलिपीचे धडे टपालानं धाडायला सुरुवात केली. शिकणारे उतारा लिहून परत पाठवत आणि तो तपासून पुन्हा त्यांच्याकडे येई. ही पहिली शाखा. दुसरी लंडन विद्यापीठाची. त्यानं १८५८ पासून बाहेरच्यांना परीक्षेला बसू दिलं, शिकवण्याची जबाबदारी मात्र घेतली नाही. आपला बहिःस्थ विद्यार्थी या दुसऱ्या घराण्यातला: फॉर्म भरा, गाईड आणा, मार्चमध्ये पेपर द्या.

१९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालं. राम ताकवले पहिले कुलगुरू. बारावी नसलेल्यांसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम होता. पुस्तकंही एकट्या वाचकासाठी बेतलेली: घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं, मध्येच थांबवून विचारलेले प्रश्न, शेवटी त्यांची उत्तरं. जोडीला अभ्यासकेंद्र, संपर्कसत्र आणि गृहपाठ. म्हणजे पिटमनचीच शाखा मराठीत आली. केंद्रावरचा गृहपाठ कुणी खरंच वाचत असे की नुसता शिक्का पडे, हे त्या त्या केंद्रावर ठरे, हेही खरं.

मार्च २०२० मध्ये कॉलेजं बंद झाली आणि तास मोबाईलवर आले. त्याच वेळी बीडचे हजारो ऊसतोड कामगार कारखान्यांच्या तळांवर अडकले होते. गावी परतायला त्यांना एप्रिलमध्ये सरकारी परवानगी लागली. तिथे तास चुकला हा नेटवर्कचा दोष की पोराचा, हजेरीपटाला काय कळणार?

एरवीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचीही गळती मोठीच. हार्वर्ड आणि एमआयटीच्या अभ्यासक्रमांचा हिशेब २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला. २०१७-१८ मध्ये सहभागी झालेल्यांपैकी जेमतेम ३ टक्क्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केला. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के होतं. यातून लोक आळशी ठरत नाहीत. पुष्कळजण नुसते डोकावायला येतात. पण पदवीच्या मुलाला डोकावून भागत नाही.

आपलं ‘स्वयं’, म्हणजे केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ, २०१७ चं. २०२१ पासून एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय त्यावरून घेता येतात. व्हिडिओ उत्तम असतात, बहुपर्यायी प्रश्न यंत्र क्षणात तपासतं. मात्र फडावरच्या पोरानं रात्री चार ओळी स्वतःच्या शब्दांत लिहिल्या, तर त्या वाचून ‘इथे चुकलंस’ म्हणणारा माणूस कॉलेजनं नेमायला हवा आणि ते काम त्याच्या कार्यभारात धरायला हवं. नाहीतर पाटी ‘स्वयं’ची आणि कारभार १८५८ चा.