जुनी बोट घ्यायचीय? आधी तळ बघा, मग कागद, रंग सगळ्यात शेवटी

कोकणात खाडीकाठी घर असलं की दारात एक छोटी बोट असावी, असं अनेकांना वाटतं. सकाळी गळ टाकायला जाता येतं, सुट्टीत घरच्यांना खाडीतून फिरवून आणता येतं. नवी बोट आणि नवं इंजिन दोन्ही खिशाला झेपत नाही, म्हणून बरेच जण जुनी बोट शोधतात. पण जुनी गाडी घेणं वेगळं आणि जुनी बोट घेणं वेगळं. गाडी बंद पडली तर रस्त्याच्या कडेला थांबते. बोट बंद पडली तर ओहोटी नेईल तिकडे जाते.

म्हणूनच पैसे देण्याआधी काय तपासायचं, ते समजून घेऊ.

बोट बघायला कधी जायचं?

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. या काळात बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात. एरवी पाण्याखाली असलेला तळ, शाफ्ट आणि पंखा तेव्हा नीट बघता येतो. अडचण एवढीच, की बोट चालवून बघता येत नाही.

यावर सोपा उपाय आहे. पावसाळ्यात तळ तपासा, पसंत पडली तर थोडा विसार द्या आणि उरलेली रक्कम नारळी पौर्णिमेनंतर पाण्यातली चाचणी झाल्यावर द्या. ही अट विसारपावतीवर लिहून घ्या. ताजा रंग मारलेल्या बोटीपासून जरा सावध राहा, कारण रंगाखाली भेगा सहज लपतात.

फायबरच्या बोटीत काय बघायचं?

- आवाज: हातोडीच्या प्लास्टिकच्या मुठीने तळावर ठिकठिकाणी हलकं ठोका. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर आतले थर सुटलेले असू शकतात.
- फोड: तळावर फोड असतील आणि फोडल्यावर आंबट वासाचं पाणी आलं, तर पाणी फायबरच्या आत मुरलंय. दुरुस्ती होते, पण खर्च मोठा असतो.
- इंजिन अडकवायची मागची फळी: बाहेरून लावायचं इंजिन हाताने धरून वरखाली दाबा. फळी हलली किंवा कुरकुरली, तर आतलं प्लायवूड कुजलंय असं समजा. छोट्या बोटींचं हे सगळ्यात महागडं दुखणं.

लाकडी बोट असेल, तर समुद्रातला किडा लाकूड आतून पोखरतो. बाहेरून बारीक भोकं दिसतात आणि आत बोगदे असतात. फळ्यांच्या सांध्यांत आणि तळाच्या मुख्य लाकडात टोचा घुसवून बघा. टोचा लोण्यात गेल्यासारखा आत गेला, तर व्यवहार तिथेच थांबवा.

इंजिन कसं ओळखायचं?

चाचणीच्या दिवशी आधी इंजिनाला हात लावा. ते गरम असेल तर मालकाने आधीच चालू करून ठेवलंय. थंड इंजिन किती वेळात सुरू होतं, यावरून बरंच कळतं.

- डिझेल इंजिनाचा धूर निळा असेल तर ऑइल जळतंय. काळा धूर जात नसेल तर इंजिनावर ताण आहे किंवा हवा कमी पडतेय. पांढरा धूर थांबत नसेल तर डिझेल नीट जळत नाही किंवा आत पाणी शिरतंय.
- बाहेरच्या इंजिनातून थंड करणाऱ्या पाण्याची धार सतत पडायला हवी.
- गिअरचं ऑइल दुधासारखं दिसलं, तर सील गेलंय.
- इंजिनावर जस्ताचा एक तुकडा असतो. खारं पाणी बाकीच्या धातूऐवजी आधी त्याला खातं. तो पूर्ण झिजलेला असेल, तर मालकाने देखभालीकडे लक्ष दिलेलं नाही.

पेट्रोलचाही हिशोब करा. ४० अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन पूर्ण वेगात तासाला ढोबळमानाने १५ लिटर पेट्रोल पितं.

पाण्यात किमान तासभर बोट चालवा. पूर्ण वेग, वळणं, मागे घेणं, सगळं करून बघा. परतल्यावर तळात किती पाणी साचलं तेही बघा.

कागदपत्रं कोणती?

मासेमारी नौकेची नोंदणी आणि मासेमारीचा परवाना हे दोन वेगळे कागद आहेत. नोंदणी क्रमांक 'आयएनडी-एमएच' या अक्षरांनी सुरू होतो. तो बोटीवर रंगवलेला असतो, कागदावरच्या क्रमांकाशी जुळवून बघा. इंजिनाचा क्रमांकही पडताळा.

२६/११ च्या हल्लेखोरांनी 'कुबेर' ही मासेमारी बोट पळवून मुंबई गाठली होती. त्यानंतर किनाऱ्यावर बोटींची तपासणी कडक झाली. मासेमारी अधिनियम १९८१ चा आहे, पण २०२१ च्या सुधारणेत दंडाच्या रकमा बऱ्याच वाढल्या. त्यामुळे 'नाव नंतर करून घेऊ' यावर विसंबू नका. नाव बदलण्याची प्रक्रिया मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात आधी विचारून घ्या.

अनेक बोटी सहकारी संस्थेमार्फत कर्ज काढून बांधलेल्या असतात. बोटीवर बोजा नाही, असा संस्थेचा किंवा बँकेचा ना हरकत दाखला मागा. नाहीतर बोट तुमची आणि कर्जही तुमच्या दारात.

आणखी एक गोष्ट. मासेमारीसाठी नोंदलेल्या बोटीतून भाडं घेऊन पर्यटक फिरवता येत नाहीत. त्यासाठी महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाची वेगळी परवानगी लागते.

किमतीत काय धरायचं?

माणसागणिक लाइफ जॅकेट, नांगर आणि पुरेसा दोर, वल्ही, टॉर्च, अग्निशामक. खाडीच्या मुखाबाहेर जाणार असाल तर व्हीएचएफ रेडिओही, कारण किनाऱ्यापासून दूर मोबाइलचा भरवसा नसतो. संकटात रेडिओवर चॅनल १६ वापरतात आणि तटरक्षक दलाचा फोन क्रमांक १५५४ आहे. हे सामान बोटीसोबत मिळत नसेल, तर त्याचा खर्च किमतीत धरूनच भाव करा.

आणि बोट बघायला जाताना गावातल्या एखाद्या अनुभवी तांडेलाला किंवा बोट बांधणाऱ्या सुताराला सोबत न्या. त्याचे दिवसाचे पैसे द्यावे लागले तरी द्या. तो 'नको' म्हणाला, तर बोट कितीही देखणी असली तरी सोडून द्या.