सही खरी कशावरून?

नातेपुत्याचा एखादा शेतकरी पीककर्जासाठी बँकेत सातबारा देतो, तेव्हा बँकेला पहिला प्रश्न पडतो : हा उतारा खरा कशावरून? पूर्वी तलाठ्याची शाईची सही आणि गोल शिक्का एवढे पुरत असे. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. त्यावर शाई नसते. मग विश्वास कशावर ठेवायचा?

याचे गणिती उत्तर आधीच तयार होते. १९७६ साली डिफी आणि हेलमन यांनी दोन किल्ल्यांची कल्पना मांडली. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमिर आणि ॲडलमन यांनी ती प्रत्यक्षात आणण्याची रीत शोधली. सही करणारा स्वतःची गुप्त किल्ली वापरतो. तिच्या जोडीची किल्ली जाहीर असते आणि तिने कोणीही सही तपासू शकतो. मात्र जाहीर किल्लीवरून गुप्त किल्ली काढणे व्यवहारात अशक्य असते. संगणकावरच्या उताऱ्यात एक आकडा बदलला तरी सही जुळत नाही. कागदावर छापल्यावर ही तपासणी करता येत नाही, म्हणून उताऱ्यावर पडताळणी क्रमांक दिलेला असतो.

पण ती जाहीर किल्ली त्या तलाठ्याचीच, हे कोणी सांगायचे? हे काम गणिताचे नाही, शासनाचे आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी लागू झाला. त्यानुसार परवाना मिळालेल्या संस्था माणसाची ओळख तपासून 'ही किल्ली अमक्याची' असे प्रमाणपत्र देतात. सी-डॅक ही त्यांपैकी एक. या संस्थांच्या किल्ल्या केंद्र शासनाचे नियंत्रक प्रमाणित करतात. ओळख कशी तपासायची, किल्ली कशी सांभाळायची, संस्थेची तपासणी कशी व्हायची, याची मानके ठरलेली आहेत. नियंत्रकांच्या किल्लीला मात्र वरचा साक्षीदार नाही. तिथे आधार कायद्याचाच.

ही साखळी तुटू शकते. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या डिजिनोटार या प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेत घुसखोरी झाली आणि शेवटी तिचे दिवाळे निघाले. जुलै २०१४ मध्ये आपल्याकडे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन व्यवस्थेतून गूगलच्या संकेतस्थळांच्या नावे अनधिकृत प्रमाणपत्रे दिली गेल्याचे आढळले. दोन किल्ल्यांचे गणित कुठेच चुकले नव्हते. प्रमाणपत्र देण्याच्या कामातच शिरकाव झाला होता. नियंत्रकांनी त्या केंद्राची प्रमाणपत्रे रद्द केली. प्रमाणपत्र देण्याइतकीच ते वेळेवर रद्द करण्याची सोय महत्त्वाची, हे यातून दिसते.

विद्यार्थ्यांना शिकवताना आणखी एक भेद स्पष्ट करावा. सही खरी असणे वेगळे आणि नोंद खरी असणे वेगळे. सातबाऱ्यावर एखाद्या वारसाचे नाव राहून गेले असेल, तर डिजिटल सही ती चूकही जशीच्या तशी जपते. बहिणीचे राहिलेले नाव लावायला फेरफारच करावा लागतो. सही जुळली म्हणून तिचा हक्क आपोआप नोंदला जात नाही.