विधिसंघर्षग्रस्त बालक : जबाबदारी व कार्यपद्धती (सिंधुदुर्ग)

कायद्याचा भंग केल्याचा आरोप असलेले, गुन्ह्याच्या दिवशी 18 वर्षे पूर्ण न झालेले मूल म्हणजे विधिसंघर्षग्रस्त बालक. 2015 च्या बाल न्याय अधिनियमात त्याला ‘आरोपी’ म्हणत नाहीत. प्रत्येक जिल्ह्यासाठी बाल न्याय मंडळ बंधनकारक आहे. एक दंडाधिकारी व दोन समाजसेवक सदस्य, समाजसेवकांत किमान एक स्त्री हवीच.

सिंधुदुर्गातील मालवण बंदरावरून बोटीचे इंजिन चोरल्याचा संशय 15 वर्षांच्या मुलावर आला, असे समजा. पोलिसांनी साध्या वेशात यायचे, बेडी घालायची नाही, कोठडीत ठेवायचे नाही, पालकांना कळवायचे आणि ताब्यात घेतल्यास प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत मंडळापुढे न्यायचे. परिवीक्षा अधिकारी घरची परिस्थिती, शाळा, संगत तपासून अहवाल देतो. जामीन हा नियम, नकार हा अपवाद.

खरी कसोटी गोपनीयतेची. कलम 74 नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र छापण्यास मनाई करते. पण किनाऱ्यावरच्या वाडीत ‘अमक्या रापणकाराचा (मच्छीमाराचा) मुलगा’ एवढे लिहिले की ओळख उघड झालीच. नाव गाळून काही साधत नाही. व्हॉट्सॲपवर बातमी फिरवणाऱ्यांनाही ही मनाई लागू आहे.

16 ते 18 वयोगटातील मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असल्यास त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवायचा का हे ठरवण्यासाठी मंडळ प्राथमिक मूल्यांकन करते. मे 2024 मधील पुण्यातील अल्पवयीन चालकाच्या पोर्शे अपघातानंतर, त्याच्या जामिनासाठी घातलेल्या 300 शब्दांच्या निबंधाच्या अटीमुळे, ही तरतूद घरोघरी चर्चेत आली. फाशी मात्र कोणत्याही बालकाला देता येत नाही.